लाल कोपऱ्यात, जन्म निमखेडी

उधना, सुरत
३ मार्च २०२५

योगिता,

आशीर्वाद वगैरे शेवटी देईन, तोवर डोकं शांत झालं तर. आधी मला सांग, तो माइकवाला कोण? काळा कोट घालून रिंगच्या मधोमध उभा राहतो आणि कोंबड्यासारखा आरवतो, तो. तू सुरतेत जन्मलीस असं त्याला कोणी सांगितलं?

मी काही तुझी मॅच बघत नव्हते. तुझे पप्पा बघत होते. मी शेजारी बसून साड्यांना टिकल्या चिकटवत होते, उद्या सकाळी गठ्ठा परत द्यायचा होता. पण लूमच्या खडखडाटानं पप्पांचे कान गेलेत, तुला माहीत आहे. आपल्या घरात मोबाइल लागला की तो अख्ख्या गल्लीसाठी लागतो. त्यात तो आरवला, "इन द रेड कॉर्नर, बॉर्न अँड रेज्ड इन सुरत, गुजरात!" एवढं इंग्रजी मलाही कळतं. रेज्ड बरोबर आहे, मीच केलंय ते, याच खोलीत. पण बॉर्न? बॉर्न कुठली वं तू?

समोरच्या हंसाबेन लगेच पेढे घेऊन दारात. "मंगलाबेन, तमारी छोकरीए सुरतनुं नाम रोशन कर्युं!" मी पेढा घेतला, काय करणार. तो गिळते न गिळते तोच तुझ्या आनंदामामाचा फोन. त्यानं निमखेडीच्या पारावर बॅनर लावलंय, 'खान्देशकन्या योगिता', त्यात तुझा फोटो आणि खाली त्याचा स्वतःचा, तुझ्यापेक्षा मोठा. सगळं गाव त्याच्या मोबाइलवर मान घालून बसलेलं, आणि माइकवाला म्हणतो सुरत. माझा भाऊ मला विचारतो, "ताई, बॅनर उतरवू का?" रडत होता की खोकत होता, मला कळेना. मी म्हटलं राहू दे, त्या माइकवाल्यालाच उतरवते मी.

आता नीट वाच. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हे मी नाही ठरवलं, माझ्या आईनंही नाही ठरवलं. सातवा लागला तसा आनंदा मला न्यायला आला, आणि उधन्याहून आम्ही भुसावळच्या गाडीत बसलो. नवापूरला गाडी इतका वेळ थांबली की माझ्या पोटात कळ आली. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात, तुला तिथं उभं करून दाखवलं होतं लहानपणी. एक पाय इकडे, एक पाय तिकडे करून तू नाचली होतीस. तिथंच बाकड्यावर झाली असतीस तर आज मामाही खूश, हंसाबेनही खूश आणि माझ्या डोक्याला ताप नाही. पण कळ खोटी निघाली आणि तू निमखेडीत झालीस. माझ्या आईच्या घरात, चुलीमागच्या खोलीत. गाव निमखेडी, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. हे त्या माइकवाल्याला पाठ करायला लाव.

आणि हो, तिसऱ्या राउंडपासून तुझा डावा हात खाली येतो. पप्पा म्हणत होते.

आशीर्वाद.
मम्मी

•

उधना
२७ एप्रिल २०२५

योगिता,

मी चांगलं चार पानी पत्र लिहावं, पोस्टात जाऊन त्यावर महाग तिकिटं लावावीत, आणि तू उत्तर द्यावंस पप्पांना, तेही मोबाइलवर बोलून. ठीक आहे. मी ऐकलं. मीच काय, पानटपरीवाल्यानंही ऐकलं.

तू म्हणालीस, इंग्लंडात, तुझ्या त्या लेस्टरमध्ये, धुळं कोणाला माहीत नाही. म्हणालीस, तिथं निम्मे लोक गुजराती, मॅचला तेच येतात, सुरत म्हटलं की शिट्ट्या वाजतात, धुळे म्हटलं तर कोण वाजवणार. मग म्हणालीस की पुढच्या वर्षी तिकडचा पासपोर्ट मिळाला की तोही प्रश्न मिटला, त्यांच्या देशाच्या चॅम्पियनच्या पट्ट्यासाठी लढायचं तर त्यांच्याच देशाची असावं लागतं. म्हणजे आता माइकवाला काय म्हणणार? लेस्टरची? वा. आधी धुळं गेलं, मग सुरत जाईल, मग आम्ही दोघं. इथला पासपोर्ट परत करावा लागतो म्हणे. तो परत करताना निदान त्याच्यावरचं जन्मगाव एकदा वाचून घे.

पप्पांनी मला तुझं शेवटचं वाक्य ऐकू येऊ नये म्हणून मोबाइल पोटाखाली दाबला. पोटाखालून जास्तच मोठं ऐकू येतं. तू म्हणालीस, "तिला सांगा, मी कुठे जन्मले यावर पुन्हा लिहायचं नाही. त्या गावानं माझं वाटोळं केलंय."

असं? मग मीही लिहूनच टाकते.

मला ती गुजरातच्या बॉक्सिंग टीमची निवड-चाचणी आठवते. तू सतरा वर्षांची. कतारगामच्या तालमीत तुझ्या वजनाची दुसरी मुलगी नव्हती, तू पोरांशी खेळून तयार झालेली. मी डब्यात मेथीचे पराठे बांधून दिले होते. टेबलावरच्या माणसानं तुझा जन्मदाखला पाहिला आणि म्हणाला, बेन, ही तर महाराष्ट्रनी छे, त्यांच्याकडून खेळवा. मग पप्पांनी तुला धुळ्याला नेलं. तिथला म्हणाला, ही राहते गुजरातेत, शाळा गुजरातेत, आमच्या पोरींचा हक्क कसा देऊ? दोन्हीकडचे बोलायला गोड होते. पाणीसुद्धा विचारलं. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. कोणत्याच राज्यानं तुला आपलं म्हटलं नाही, म्हणून तू पैसे घेऊन लढणाऱ्यांत गेलीस आणि तिकडे निघून गेलीस. हे मला माहीत नाही असं तुला वाटतं का?

आणि जायच्या आदल्या दिवशी तू जे बोललीस, तेही माहीत आहे. मी बॅगेत लोणचं कोंबत होते. तू म्हणालीस, "मम्मी, तू तेव्हा गावी गेली नसतीस तर मी आज गुजरातच्या टीममध्ये असते. हे सगळं तुझ्यामुळे झालं."

माझ्यामुळे! मी वीस वर्षांची होते. मला आई हवी होती. इथं या गल्लीत मला तेव्हा ओळखणारं कोण होतं? शेजारीण आम्हाला मराठी म्हणायची, निमखेडीला गेले की गाव आम्हाला सुरतवाले म्हणायचं. आईनं शेगडी पेटवून माझी पाठ शेकली, त्या सव्वा महिन्यात मला कोणी कुठली आहेस म्हणून विचारलं नाही. एवढीच चैन केली मी आयुष्यात. त्या चैनीचा राग तू अजून धरून बसलीस.

लग्न केलंस तेही कळवलं नाहीस. एक फोटो आला, बस. केयूर म्हणे. पोरगा गोरागोमटा आहे, पण दाढी कर म्हणावं.

मी आता लिहिणार नाही. तू सुखी राहा, लेस्टरची राहा, चंद्रावरची राहा.

मंगला सुकदेव पाटील, निमखेडीकर

•

उधना
१८ ऑगस्ट २०२५

योगिता,

लिहिणार नव्हते. पण हद्द झाली.

तुला चौथा महिना लागलाय आणि ही गोष्ट तू पप्पांना सांगतेस? पप्पांना! ज्या माणसाला डोकं दुखतं की दात दुखतो ते स्वतःचं कळत नाही, त्याला? त्यांनी ते दिवसभर पोटात ठेवलं, माझ्याकडे बघून उगाच हसत राहिले, मला वाटलं लूमवर बोनस जाहीर झाला. संध्याकाळी भाकरी मोडताना त्यांना रडू आलं, तेव्हा कळलं. मी ताटावरून उठले. कशासाठी उठले ते मलाच माहीत नाही, उठून नुसतीच ओट्याला धरून उभी राहिले.

उलट्या थांबल्या का? तुला पुदिना चालत नाही म्हणे आता, आणि रात्री दहीभात मागतेस. मला कोण सांगतं ते विचारू नको.

पट्ट्याची मॅच पुढे गेली, त्याचं तुला वाईट वाटत असेल. मलाही वाटलं. खरंच वाटलं. पण पट्टा कुठे पळून जात नाही, तो घालायला कंबर जागेवर आली की घाल.

आता मुद्द्याचं. सातवा लागायच्या आत इकडे ये. दसऱ्याला ये. विमानात पोट मोठं झालं की बसू देत नाहीत, मी चौकशी केली आहे. आतली खोली मी रिकामी केली, साड्यांचे गठ्ठे बाहेर काढले. हंसाबेनच्या सुनेची डॉक्टरीण चांगली आहे, रागावत नाही. आनंदानं गावाहून गावरान तूप आणि डिंक पाठवलाय, अळीव मी आणले. निमखेडी नको म्हणतेस ना? बरं, निमखेडी नको. सुरतेत हो. मग तो माइकवाला सुरत सुरत म्हणून आरवू दे, तुझ्या बाळासाठी ते खरं तरी होईल.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, बाई. त्यात तू कितीही मोठी बॉक्सर असलीस तरी फरक पडत नाही. केयूरलाही आण. त्याला झोपायला जागा करू, तो काही फार उंच नाही.

उत्तर मला दे. पप्पांना नाही.

मम्मी

•

उधना
९ ऑक्टोबर २०२५

योगिता,

उत्तर मिळालं. मला दिलंस, तेवढं बरं केलंस. सात वर्षांनी तू माझ्या मोबाइलवर बोललीस आणि बोललीस काय, तर नाही.

परत परत ऐकलं मी ते. "मम्मी, माझं बाळ जिथे राहणार तिथेच जन्मेल. जन्म एकीकडे आणि घर दुसरीकडे, असं मी त्याला मधे लटकवणार नाही. त्यानं कुठल्याही टेबलासमोर उभं राहून मी कोणाचा असं विचारायचं नाही." तू ओरडली असतीस तर मला ओरडता आलं असतं. तू हळू बोललीस. मग मी कोणावर ओरडू? पप्पांवर ओरडले.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं नाही. मला ते पटत नाही असंही नाही, आणि त्यामुळेच माझा जीव जास्त वैतागलाय. पण मग तुझी पाठ कोण शेकणार? तिथं नर्स येते आणि तासाभरात जाते, पुढचं तुम्ही तुमचं बघा, असं ऐकलं. केयूरची आई तर गेली बिचारी. रात्री बाळ रडलं तर तू काय करणार, ठोसा मारणार?

दसरा झाला. खोली रिकामीच आहे. साड्यांचे गठ्ठे परत आत ठेवा म्हणून पप्पा म्हणाले, मी ठेवू दिले नाहीत.

इकडचं सगळं बरं आहे. परवा घरी पोलीस आला होता, पण काळजी करू नको, चहा घेऊन गेला. मला विचारत होता या पत्त्यावर किती वर्षं राहता. फोटो काढायला गेले तर तो स्टुडिओवाला म्हणतो, मासी, हसू नका, दात दिसले तर चालत नाही. मी म्हटलं, बाबा, मला हसायला कारण तरी दे. फोटो कशाला, तर असाच. आणि तिकडे थंडी किती असते? लोकरीचे मोजे एकावर एक घातले तर चालतं का? पप्पांना माहिती हवी होती.

मम्मी

•

उधना
३० नोव्हेंबर २०२५

चि. योगिता,

या वेळी आशीर्वाद आधी घे. खूप घे. आता ऐक, आणि मधे बोलू नको. पत्रात हीच एक सोय आहे, तुला मधे बोलता येत नाही.

मी पासपोर्ट काढलाय. ऑगस्टपासून त्यामागे आहे. तू येणार नाहीस हे मला तेव्हाच ठाऊक होतं, माझीच पोरगी आहेस. तरी तुला विचारून पाहिलं. पोलीस त्यासाठीच आला होता. व्हिसाचे कागद केयूरनं पाठवले, परवा व्हिसाही आला. तुला सांगून टाकू म्हणून तो महिनाभर माझा जीव खातोय, त्याला रागावू नको. दहीभाताचंही त्यानंच सांगितलं होतं. दाढी बरी दिसते त्याला, राहू दे.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. पासपोर्टच्या वेळी फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातल्या मुलानं विचारलं, मासी, जन्म कुठला? मी म्हटलं निमखेडी, लिही मोठ्यानं. आणि शाळेचा दाखला पाठव म्हणून आनंदाला फोन लावला. तर तो हसायला लागला. "ताई, तुना जनम ते मामाना गावले व्हयना ना वं!" तुझा जन्म तर मामाच्या गावाला झाला ना, म्हणे.

मी तिथंच बाकड्यावर बसले. खरंच की. मीही पहिलीच. माझ्या वेळी माझी आई तिच्या माहेरी होती, तापीकाठी, बोरगावला. मला माहीत नव्हतं असं नाही, आई शंभरदा सांगायची, पूर आला होता आणि सुईण होडीतून आणली होती. पण मी कुठली, असं कोणी विचारलं की माझ्या तोंडात कधी बोरगाव आलंच नाही. शाळेत पोरी विचारायच्या, मी निमखेडी सांगायचे. आणि माझी आई इंदुबाई, तीही पहिलीच. ती तिच्या आईच्या माहेरी कुठं तरी झाली. कुठं ते आता सांगायला कोणी उरलं नाही. आनंदालाही माहीत नाही.

म्हणजे बघ. आपल्या घरातली कोणतीच पहिली पोरगी जिथे राहिली तिथे जन्मली नाही. प्रत्येक जणी दुसऱ्याच गावात होऊन आली आणि वाढली तिथली झाली. मी मार्चपासून त्या माइकवाल्याच्या नावानं बोटं मोडतेय, निमखेडी निमखेडी करून तुझं डोकं खाल्लं, आणि मी स्वतः बोरगावची. माझं मलाच इतकं हसू आलं की त्या मुलानं मला पाणी दिलं. मग रडूही आलं, पण ते दुकानाच्या बाहेर येऊन.

आई बोरगावला कशासाठी गेली असेल? गावासाठी नाही गेली. तिथं तिची आई होती म्हणून गेली. मी निमखेडीला का गेले? तिथं चांगलं हॉस्पिटल थोडंच होतं. आई होती. आईच इथं उधन्यात असती तर मी त्या गाडीत कशाला बसले असते, आणि तू सुरतेतच झाली असतीस, आणि त्या टेबलावरच्या माणसाला बोलायला जागा राहिली नसती. हे मला आधी का सुचलं नाही, देव जाणे.

तुझं बाळ लेस्टरचं होऊ दे. चांगलं पक्कं होऊ दे, दाखल्यावर, घरावर, सगळीकडे एकच गाव. तुझा पासपोर्टही घे तिकडचा आणि पट्टाही घे. मला राग येईल थोडा, खोटं कशाला सांगू. पप्पांना जास्त येईल, ते बोलणार नाहीत. पण तू त्या रिंगमध्ये उभी राहतेस तेव्हा मला तुझं राज्यही दिसत नाही आणि देशही दिसत नाही, नुसतं नाक दिसतं. ते फुटू नये एवढंच मनात येतं. हो, बघते मी. सगळ्या बघितल्या आहेत. आता दरवेळी पप्पांच्या नावावर ढकलायचा कंटाळा आला.

फक्त एक गोष्ट मी सोडणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार. तू येत नाहीस ना? मग माहेरच तिकडे येतंय.

वीस तारखेला पोचते. डिंकाचे लाडू बॅगेत आहेत, तूपही आहे, कस्टमवाल्यानं काढायला लावलं तर मी त्याच्याशी बोलेन. शेगडी आणू देत नाहीत म्हणे, तिथं बघू काय मिळतं ते. विमानतळावर घ्यायला ये. गर्दीत पोट सांभाळ आणि कोणी धक्का दिला तर हात उचलू नको. डावा तर नाहीच, तो अजून खालीच येतोय.

आणि मी बाहेर आले की तुझ्या त्या माइकवाल्यासारखं ओरडायचं असेल तर नीट ओरड, मी लिहून देते :

लाल कोपऱ्यात, वजन विचारायचं नाही, जन्म बोरगाव, वाढली निमखेडी, राहिली उधना, सध्या मुक्काम लेकीच्या घरी,

तुझी मम्मी
मंगलाबाई